लासोट्याचा रविवार

आमच्या गल्लीत एक सण असा आहे, की तो कुठल्याही कॅलेंडरात सापडायचा नाही. आम्ही त्याला 'लासोट्याचा रविवार' म्हणतो. त्या दिवशी सकाळी सातच्या आत चार-पाच घरच्या बायका आपापली पिल्लं बुट्टीत, खोक्यात, कुणी चक्क पदरात घेऊन आक्कांच्या परड्यात जमतात. एकीच्या हातात थर्मास, थर्मासात बर्फ आणि बर्फात औषधाची इवलीशी कुपी. एकीनं पिल्लू धरायचं, दुसरीनं त्याच्या डोळ्यात एक थेंब सोडायचा, तिसरीनं मोजायचं. पिल्लानं डोळा मिचकावला, थेंब आत गेला, की द्यायचं सोडून. तासाभरात काम उरकतं. पण आम्ही अकरा वाजेपर्यंत उठत नाही, ते वेगळं!

लासोटा ही राणीखेत रोगाची लस. आपल्याकडं या रोगाला मानमोडी म्हणतात, कारण आजारी कोंबडीची मान पिरगळल्यासारखी वाकडी होते. (1918 सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथीलाही जुन्या माणसांनी हेच नाव दिलं होतं. त्यावरून या शब्दाची धास्ती कळावी.) एकदा रोग परड्यात शिरला, की खुराडंच्या खुराडं रिकामं होतं. औषध नाही. आधी लस दिलेली असेल तरच निभाव. पिल्लू पाच-सात दिवसांचं झालं की लासोट्याचा थेंब, पुढं आठव्या आठवड्याच्या सुमाराला टोचायची दुसरी लस. मोठ्या कोंबड्यांनाही ती टोचणी मधूनमधून पुन्हा द्यावी लागते.

खरी गंमत पुढं आहे. आमच्याकडं मिळते ती लहानात लहान कुपी शंभर पिल्लांची. आणि एकदा औषध कालवलं, की दोनेक तासांत संपवावं लागतं. उद्यासाठी ठेवता येत नाही. आता परड्यात चार कोंबड्या पाळणाऱ्या बाईकडं पिल्लं असणार आठ, नाहीतर दहा. उरलेल्या नव्वद थेंबांचं तिनं काय करायचं? म्हणून एकत्र यायचं. मैत्री वगैरे शब्द आम्ही कधी वापरले नाहीत. आम्हाला एका जागी बसवलं ते त्या शंभर थेंबांनी.

आम्ही म्हणजे कोण? आक्का, मामी, भाभी, काकू आणि मी. कळंब्याच्या बाजूला, जिथं अजून घरामागं हातभर का होईना परडं शिल्लक आहे, तिथं आम्ही राहतो. आक्का साठीच्या पुढच्या, एकट्या, नातवंडांना सांभाळणाऱ्या. मामींचं माहेर चिखलीचं. भाभींच्या घरी शिलाईकाम. आणि काकू तर अंडं खातच नाहीत, त्यांच्या घरात ते चालतही नाही. पण कोण गावाला गेली, की तिच्या कोंबड्या संध्याकाळी मोजून कोंडायचं काम काकूंचंच. "मला खायचं नाही म्हणून मुंगसाला खाऊ घालू काय?" असं त्यांचं म्हणणं! एरवी आमच्या पाच जणींना एकत्र आणणारं हळदीकुंकू नाही, भिशी नाही. कोंबडी मात्र भिंत, जात, देव काही बघत नाही. ती उडून पलीकडं जाते आणि अंडं घालून येते. मग ते अंडं द्यायला कुणीतरी कडी वाजवतं. एकमेकींची अंडीपिल्ली आम्हाला ठाऊक आहेत, ती अशी, अगदी शब्दशः.

कोंबडी पाळणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक पावसाळा काढून बघावा. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, पिंजऱ्यातली तीनशेच्या घरात. हिशेब मांडला तर गावरान हरलीच. मधल्या काळात गिरिराज आली, वनराजा आली. एक बंगळूरची, एक हैदराबादची. कोल्हापुरात मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, त्यामुळं सुधारित पिल्लं आमच्या भागाला नवी नाहीत. अंडी जास्त, वजन जास्त, पण ह्या बाया रवणावर क्वचितच बसतात. आई व्हायची त्यांची हौस माणसानंच कमी करून टाकली आहे. म्हणून भाभींच्या गिरिराजची अंडी उबवते आक्कांची गावरान. कोंबडी खुडूक झाली, अंगाखाली हात घातला की फुगून टोचायला लागली, की तिला दहा-बारा अंड्यांवर बसवायची. एकवीस दिवस. शंभर थेंबांचा हिशेब बसावा म्हणून आम्ही दोन-तीन घरची रवणं एकाच आठवड्यात बसवायला बघतो. कोंबडी काही आपल्या सांगण्यावरून खुडूक होत नाही, पण अंडी आठवडाभर गारव्याला राखून ठेवता येतात.

आणि अर्धेली. शहरातल्या मैत्रिणींना हा शब्द माहीत नसेल. मी माझी तलंग तुम्हाला पाळायला दिली, तर तिची पिल्लं निम्मी तुमची, निम्मी माझी. कागद नाही, सही नाही. आमच्या गल्लीत निम्म्या कोंबड्या अशा कुणाच्या ना कुणाच्या अर्धेलीत आहेत. भांडणंही होतात, होणारच. "निम्मी पिल्लं घारीनं नेली ती नेमकी माझ्याच वाटणीची कशी?" हा प्रश्न मामींनी भाभींना एकदा विचारला होता, तो अजून निघतो.

अंड्यांचा पैसा हा बाईचा पैसा. तो घरखर्चाच्या वहीत येत नाही, म्हणून कुणाच्या डोळ्यावरही येत नाही. आक्कांची रक्तदाबाची गोळी, नातवाच्या वह्या, मधेच संपलेला सिलिंडर, हे सगळं अंड्यांवर चालतं. 2019 मध्ये आपल्या सांगली-कोल्हापूरकडं कडकनाथच्या नावावर मोठमोठ्या रकमा गुंतवून कितीतरी शेतकरी फसले. त्यात बिचाऱ्या झाबुव्याच्या काळ्या कोंबडीचा काय दोष? पण तो पुरुषांचा, लाखांचा खेळ होता. बायकांच्या चार कोंबड्यांत कुणी लाख मिळवत नाही आणि म्हणूनच कुणी बुडतही नाही, असं मला वाटायचं.

त्याच 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांच्या वर गेलं. 43 फुटांना धोका, म्हणजे बघा! चिखली-आंबेवाडीची माणसं बोटीतून काढली. मामींच्या भावजय आल्या त्या पिशवीत कपडे आणि पोत्यात दोन कोंबड्या घेऊन. बाकीच्या नऊ घराच्या पत्र्यावर सोडून आल्या होत्या. पाणी उतरल्यावर गेलो, तर पत्र्यावर फक्त पिसं. पंचनामा झाला तेव्हा गाय-म्हैस लिहिली गेली. कोंबड्यांचं विचारलं तर "मेलेल्या दाखवा" म्हणाले. वाहून गेलेली कोंबडी दाखवायची कुठून? नियमात कोंबडीलाही मदत आहे, तेव्हा पक्ष्यामागं पन्नास रुपये होते. पण नियम आणि पत्रा यांच्यामध्ये पाणी असतं. त्या दोन कोंबड्यांचा वंश मात्र आमच्या गल्लीत अजून नांदतो आहे. 2021 ला पुन्हा पूर आला, तेव्हा भावजयींनी आधी कोंबड्या धाडल्या, मग स्वतः आल्या.

हे एवढं सांगितलं ते पुढचं सांगायला अवघड जातंय म्हणून.

गल्लीच्या तोंडाला दोन वर्षांपूर्वी अपार्टमेंट झालं. माणसं चांगली आहेत. तिथल्या एक वहिनी माझ्या बचत गटाच्या कामात मदत करतात. 2024 च्या जूनमध्ये त्या म्हणाल्या, "ताई, तेवढा तो कोंबडा बघा ना. चार वाजता सुरू होतो. सासऱ्यांचं ऑपरेशन झालंय, झोप नाही." कोंबडा आक्कांचा. तांबडा, मानेला सोनेरी झाक, तुरा असा की फेटाच. गल्लीत एकच. कोंबड्याशिवाय अंडी मिळतात, पिल्लं मिळत नाहीत. त्यामुळं गल्लीतल्या झाडून सगळ्या पिल्लांचा बाप तोच.

आधी आम्ही त्याच्यावर रात्री डालगं झाकून, वर पोतं टाकून बघितलं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण झाकलेलं कोंबडं आरवायचंही राहत नाही, हे तेव्हा कळलं! जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये हेच दाखवलं म्हणे. दिवसरात्र एकसारख्या मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही पहाटेच्या वेळेला आरवतच राहिले. घड्याळ त्यांच्या अंगातच असतं. एवढ्यासाठी जपानला कशाला जायचं, आक्कांनी सांगितलं असतं. "कोंबडा आरडनार न्हाई तर काय पोथी वाचनार व्हय?" असं त्यांनी सांगितलंही होतं.

मग मी मध्ये पडले. समाजकार्य करणाऱ्या बायकांना ही खोडच असते, दोन्हीकडची बाजू समजून घ्यायची आणि ज्याची बाजू कमजोर त्याला समजूतदार व्हायला सांगायचं. मी अपार्टमेंटमधल्या वहिनींना सांगून टाकलं, "आठ दिवसांत कोंबडा नसेल." आक्कांना विचारलं नव्हतं. सांगायला गेले तेव्हा त्या निवडत असलेल्या तांदळातून मान वर न करता म्हणाल्या, "घालवतो बाई. तू शब्द दिलायस न्हवं?" (आमच्याकडं जुन्या बायका 'येतो-जातो' अशाच बोलतात, बाहेरच्यांना त्याचं हसू येतं.) आषाढात टेंबलाईला नवं पाणी घालायला पेठापेठांतून माणसं पी-ढबाक वाजवत जातात. त्यातल्याच एका शुक्रवारी आक्कांनी कोंबडा टेंबलाईला नेला. विकला नाही, देवीला दिला. संध्याकाळी सगळ्या घरी ताटं आली. माझ्या घरी आलं नाही.

त्यानंतर आम्ही बोलत नव्हतो असं नाही. "पाणी आलं का?" "आलं." असलं बोलणं. पण रवणं बसली नाहीत, कारण अंडी उजवायलाच कोंबडा नव्हता. पिल्लं नाहीत, तर लासोट्याचा रविवार कशाला? आणि त्या रविवारच्या जोडीनं मोठ्या कोंबड्यांना टोचायची जी लस आम्ही उरकून घेत होतो, तीही राहिली. खरं तर मोठ्या कोंबड्यांसाठी एकत्र यायला काय हरकत होती? काही नाही. पण कुणी कुणाला हाक मारली नाही. थर्मास माझ्याकडं होता. तो माळ्यावर गेला.

2025 च्या मार्चमध्ये मला राहवेना. आठवडी बाजारातून एक तरणा कोंबडा घेतला. तांबडाच, तसाच तुरेबाज. थेट आक्कांच्या दारात नेऊन सोडला. म्हणाले, "आक्का, आरवू दे काय आरवायचं ते. अपार्टमेंटला मी बघते." आक्कांनी त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा "च्या घेतीस?" म्हणाल्या. मी चहा घेतला. कोंबडा कोंबड्यांत जाऊन मिसळला.

नवीन पक्षी आणला की दोन-तीन आठवडे वेगळा ठेवायचा, त्याचं पाण्याचं भांडंही वेगळं ठेवायचं, हे मी बचत गटाच्या बैठकांत बायकांना सांगत आले आहे. फळ्यावर लिहून. त्या दिवशी माझ्या डोक्यात ते आलंही होतं. पण आक्कांनी चहाला विचारलं होतं, आणि दिलेली भेट पुन्हा डालग्याखाली कोंडून ठेवा असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

पाचव्या दिवशी कोंबडा पंख पाडून बसला. हिरवट-पांढरी घाण, चोच उघडून श्वास. सातव्या दिवशी आक्कांच्या दोन कोंबड्या गेल्या, आठव्या दिवशी चार. माना अशा वाकड्या, की बघवत नव्हतं. पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर येऊन बघून गेले, तपासणीला नमुना नेला. राणीखेतच निघाला. आक्कांच्या अकरांतली एक वाचली. माझ्या सातांतल्या चार गेल्या, भाभींच्या सगळ्या. मामींच्या कोंबड्या तेवढ्या बचावल्या, कारण त्यांचं परडं टोकाला आणि त्यांनी दारच उघडलं नाही. आक्कांच्या परड्यात पेरूखाली खोल खड्डा घेतला, चुना टाकला. काकू पंपानं पाणी मारत होत्या. कधी अंड्याला शिवलेली नसलेली ती बाई मेलेल्या कोंबड्या पिशव्या घातलेल्या हातांनी उचलून देत होती. भाभी म्हणत होत्या, "बर्ड फ्लू तर न्हाई ना हो ताई?" 2006 च्या फेब्रुवारीत नवापूरला काय झालं, घरच्या कोंबड्यासुद्धा कशा धरधरून नेऊन मारल्या, ते आमच्या पिढीच्या डोक्यातून जात नाही. 2021 च्या जानेवारीत परभणीकडं पुन्हा तेच. म्हणून सांगते, परड्यात एकाएकी दोन-चार कोंबड्या मेल्या तर लपवू नका, उघड्या हातानं उचलू नका, आधी दवाखान्यात कळवा. राणीखेत आहे की बर्ड फ्लू, हे तुमच्या-माझ्या डोळ्यांना ठरवता येत नाही.

त्या दिवसांत मला राग कुणाचा येत होता म्हणाल, तर आधी स्वतःचा आणि मग त्या शंभराच्या कुपीचा. हजारो पक्ष्यांच्या शेडसाठी मोठाल्या कुप्या निघतात, त्या निघाव्यातच. पण वीस थेंबांची कुपी आमच्या हाताशी असती, तर बाईनं बाईशी अबोला धरला म्हणून कोंबड्या मेल्या नसत्या. खात्याच्या योजनांत एक दिवसाच्या शंभर पिल्लांचे गट अनुदानावर वाटले जातात, चांगली गोष्ट. पण ज्या बाईकडं आधीच चार कोंबड्या आहेत, तिच्याकडं वळून बघायला कुणाला सवड नसते. महिन्यातला एक दिवस ठरवून वॉर्डावॉर्डांत, वाडीवस्तीवर परड्यातल्या कोंबड्यांना लस टोचली, तर खर्च तो काय येणार? गायी-म्हशींचं लसीकरण होतं, कुत्र्यांसाठी शिबिरं होतात. कोंबडी बाईची, म्हणून ती किरकोळ. बायकांनी एकत्र यावं, गट करावेत, हे मीच भाषणात सांगते. पण एकत्र येणं हे काही नळाचं पाणी नव्हे, सकाळी सहाला ठरल्यासारखं यायला. ते तुटतं. त्या दिवसांसाठीही काहीतरी सोय हवी.

महिनाभर मी आक्कांच्या दारावरून मान खाली घालून जात होते. एप्रिलच्या शेवटी त्याच आल्या. हातात रिकामं डालगं. उंबऱ्यात बसल्या आणि म्हणाल्या, "रोग काय तू पैदा क्येला न्हाईस. पर कोंबडा घालवायचा शब्द माझ्या तोंडचा तू दिलास, त्ये मी इसरनार न्हाई." मी म्हणाले, "विसरू नका." मग जरा वेळ दोघी गप्प. मग त्यांनी माझ्या उरलेल्या तिनांतली काळी तलंग मागितली. मी दोन्ही तलंगा न्या म्हणाले, तशाच न्या, मला काही नको. तर केवढ्या भडकल्या! "फुकाट? मी काय भिकारीन हाय व्हय? अर्धेलीनं दे." ती काळी तलंग अर्धेलीनं गेली. मामींनी एक दिली, तीही अर्धेलीनंच. चिखलीहून भावजयींनी कोंबडा धाडला, पुरातनं आलेल्या त्या दोन कोंबड्यांच्याच वंशातला. तो मात्र मामींच्या टोकाच्या परड्यात एकवीस दिवस एकटा राहिला. आक्का रोज लांबून बघून यायच्या.

सप्टेंबरात दोन रवणं उतरली. एकोणीस पिल्लं, त्यातलं एक पहिल्याच दिवशी गेलं. थर्मास माळ्यावरून काढला, धुतला. बर्फ अपार्टमेंटच्या खालच्या आइस्क्रीमवाल्यानं दिला. अठरा थेंब वापरले, मोठ्यांना टोचण्या झाल्या, उरलेलं औषध उकळून टाकलं. आक्कांच्या हातात पिल्लू, माझ्या हातात कुपी. माझा हात थरथरत होता, पहिला थेंब पिल्लाच्या डोक्यावर पडला. "नीट बघ की," आक्का म्हणाल्या.

कोंबडा आता आक्कांकडं आहे. पहाटे चारलाच आरवतो. अपार्टमेंटमधल्या वहिनींचा परवा फोन येऊन गेला होता. उलट फोन करायचाय. या वेळी आक्कांना शेजारी बसवूनच करीन म्हणते.